मोजे काढा

डॉक्टर गुप्त्यांनी दवाखाना मिटला तेव्हा
आमच्या घरचे सगळे आजार
एका खाकी पाकिटात घालून हातात दिले.
म्हणाले, आता दुसरं कुणीतरी बघा.
मी ते पाकीट वर्षभर पिठाच्या डब्यावर ठेवलं.

बघा म्हणजे कुठे?
वरच्या मजल्यावरच्या हर्षाबेननं अलकापुरीतला पत्ता दिला.
काचेचं दार, टोकन अठ्ठेचाळीस.
यांची साखर पडद्यावर, यांचं वजन पडद्यावर,
डॉक्टर पडद्याशी बोलत होते,
हे खुर्चीत.
चार मिनिटं, सातशे रुपये.
रावपुऱ्यातल्या वैद्यांनी कारलं सांगितलं,
नणंदेनं मेथीचं पाणी,
आणि नवरात्र सहा आठवड्यांवर.
त्या दिवसांत आमच्याकडे आजारी पडायला जागा नसते:
खोलीभर चणिया, बारा-बारा मीटरचे घेर,
सुतळीनं बांधलेले आभल्यांचे पुडे,
आणि हे मशीनवर, अनवाणी, रात्री दोनपर्यंत.

शेवटी गॅसवाल्यानं सांगितलं.
वाडीत, पाण्याच्या टाकीमागे, सरकारी.
डॉक्टर मंगळवारी येतात, पण तुम्ही सोमवारी जा.
सोमवारी कोण असतं?
जशोदाबेन, म्हणाला, आणि सिलिंडर असं टेकवलं
की मी पुढचं विचारलंच नाही.

छोटाउदेपूरकडची, राठवा. तिशीची असेल.
टेबलाच्या एका पायाखाली वीट.
बीपीचा पट्टा बांधायच्या आधी म्हणाली,
पाच मिनिटं बसा. बोलू नका.
मी बोललेच.
तिनं पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली.

मग, रात्री किती वेळा उठता?
भात कोण वाढतं?
सेवउसळ आठवड्यातून कितीदा?
एकदा, म्हणाले हे.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.
तिनं चार लिहिलं.

खाकी पाकीट उघडलं. एकेक कागद.
गुप्त्यांचं अक्षर औषधवाल्यालाही लागत नसे;
हिनं बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं,
सासूबाईंच्या कापलेल्या अंगठ्यापाशी आली
आणि थांबली.

मोजां काढो, काका.

हे लाजले. देवळात काढतात, इथे कशाला?
तिनं स्टूल ओढलं, पाऊल मांडीवर घेतलं,
शिवण तपासायला काठ उलटा करतात तसं उलटं केलं,
टॉर्च मारला
आणि टाचेतून उजेड परत आला.

आभल्याची कपची. करंगळीच्या नखाएवढी.
कधीची? ठाऊक नाही.
दुखलं नाही? नाही.
डोळे मिटा, म्हणाली, मी शिवले की सांगा.
कापसाच्या टोकानं ती शिवत गेली
शिंप्याच्या पायाला: अंगठा, चवडा, करंगळी,
पुन्हा अंगठा.
हे डोळे मिटून बसले होते शहाण्या मुलासारखे,
ती सुरू कधी करते याची वाट बघत.

मी भिंतीला धरलं.

कपची तिनं काढली नाही.
आत किती आहे दिसत नाही, हे माझं काम नाही.
चिठ्ठी लिहिली, सयाजीला, आजच.
तिकडच्या कुणा भरतभाईला फोन करून
यांचं नाव सांगितलं, दोनदा.
पट्टी बदलायला गुरुवारी माझ्याकडे.
गोळ्यांचं मी उद्या डॉक्टरांना विचारते.
आणि मशीनवर बसताना बूट.

नवरात्रापर्यंत होईल ना, यांनी विचारलं.
ती काही बोलली नाही.
पाकिटावर, गुप्त्यांच्या नावाखाली
आपला नंबर लिहायला घेतला. पेन उमटेना.
तळहातावर घासून पुन्हा लिहिला.

रिक्षात हे म्हणाले, बाई आगाऊ आहे.
हो, म्हटलं.
उजवा मोजा माझ्या पर्समध्ये होता,
पाकिटाशेजारी.